जनावरांच्या बाजारातून आमच्या मुलांना बाहेर काढू नका

प्रति,
मा. सभापती, उपसभापती व सर्व संचालक,
कृषी उत्पन्न बाजार समिती

सप्रेम नमस्कार.

जनावरांच्या बाजारतळाच्या फाटकावर आपण नवा फलक लावला आहे : '१४ वर्षांखालील मुलांना प्रवेश बंद.' पाठोपाठ आमच्या शाळेत पत्र आलं की यापुढे विद्यार्थ्यांच्या क्षेत्रभेटींना परवानगी मिळणार नाही. मी लेखी विनंती केली, कार्यालयात येऊन भेटले. तिथं माझं शांतपणे ऐकून घेतलं गेलं आणि सांगितलं गेलं की ठराव झालाय, आता काही करता येणार नाही. ठराव माणसं करतात, तीच तो बदलूही शकतात. म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे आणि तालुक्यातल्या सगळ्यांसमोर ठेवते आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरी शेती आहे, खिलार बैलांची जोडी आहे, दोन गाई आणि दावणीच्या टोकाला चार शेळ्या आहेत. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर याच तळावर बैल घेतले आणि विकले. माझी दोन्ही मुलं त्यांच्या आजोबांचं बोट धरून इथं आली. चौथीचा वर्ग घेऊन मी दर वर्षी येते. त्यामुळे हा फलक माझ्या घरावर आणि माझ्या वर्गावर, दोन्हींवर लागला आहे.

आधी ठरावाचं कारण. त्यात 'जनावरांपासून लहान मुलांना असलेला धोका' असं लिहिलं आहे. बाजारात एका मुलाच्या पायाला दुखापत झाली, त्यावरून हे सगळं सुरू झालं. त्या दिवशी शेळ्यांच्या बाजूला उभा असलेला कुणीही सांगेल की त्या पायावरून गेलं ते पिकअपचं चाक. गाडी मागं येत होती, मागं उभं राहून दाखवणारं कुणी नव्हतं, आणि त्या बाजूला गाड्यांना मनाई असताना ती तिथवर आली होती. मूल वाचलं, पाय बरा झाला, हे आपलं सगळ्यांचं नशीब. पण गाडीनं केलेल्या इजेचा दोष जनावरांवर टाकून मुलांना बाहेर काढायचं, हे मला मान्य नाही. गाड्या आजही तशाच आत येतात. फलक लागल्यावरही मी बघितलं आहे. मूल नसेल तर एखादी म्हातारी त्या चाकाखाली सापडेल. तिच्यासाठी दुसरा फलक लावणार का?

आता हा ठराव कुणाला लागतो ते बघा.

आपल्या मनात बहुधा शहरातून मोबाईल घेऊन शर्यतीचे बैल बघायला येणारी कुटुंबं असतील. ती येतात, हे खरं. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणारा कायदा कायम ठेवला, तेव्हापासून शर्यतीच्या खोंडाभोवती गर्दी हटत नाही. त्या गर्दीला आवर घालायला हवा, माझा पाठिंबा आहे. पण बाजारात येणारी बहुतेक मुलं बघायला आलेली नसतात, ती घरच्या कामाला आलेली असतात. बाप दर ठरवायला जातो तेव्हा कासरा धरून उभा असतो तो दहा-बारा वर्षांचा पोरगा. करडाला बाटलीनं दूध पाजून मोठं केलेलं असतं ते घरातल्या पोरीनं, आणि ते विकायला आणलं की तीही बरोबर येते. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणाकडं उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडी माणदेशात परततात. त्या वाड्यात बायका, म्हातारी, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि पोरं सगळी एकत्र चालतात. मेंढरं विकायला आलेल्या अशा माणसानं पोरं कुठं ठेवायची?

फलक लागल्यानंतरच्या बाजाराला मी फाटकाजवळ थांबले होते. एक बाई आली, कडेवर दीड-दोन वर्षांचं मूल, हातात दोन पाटींच्या, म्हणजे तरण्या शेळ्यांच्या, दोऱ्या. पहारेकऱ्यानं तिला अडवलं. तोही काय करणार, त्याला हुकूम आहे. ती म्हणाली, "दादा, लेकरू कुणाकडं देऊ?" एवढ्यात एक व्यापारी आतून बाहेर आला. त्यानं एका पाटीच्या कमरेवर पंजा ठेवून दाबून बघितलं, दुसरीचं दावं ओढून तोंड उघडलं आणि दोन्हींचा मिळून एक आकडा सांगितला. आत त्याच वेळी तसल्या शेळ्या किती रुपयांना जात होत्या, हे कळायला तिला काहीच मार्ग नव्हता. आत असती तर दहा सौदे कानावर पडले असते, चार व्यापाऱ्यांनी हात लावला असता, तिनं दोन वेळा मान हलवून नाही म्हटलं असतं. फाटकाबाहेर एकच गिऱ्हाईक. तिनं दोऱ्या त्याच्या हातात दिल्या, नोटा पदराच्या टोकाला बांधल्या आणि मुलाला घेऊन एसटी थांब्याकडं चालू लागली. पावती नाही, नोंद नाही. समितीची फीसुद्धा बुडाली. बाजार समित्या उभ्या राहिल्या त्या शेतकऱ्याला असा एकटा गाठून कुणी लुबाडू नये म्हणून. आपल्या ठरावानं त्या बाईला पुन्हा त्याच जागी नेऊन उभं केलं.

दुसरं, शाळेचं. मुलं इथं काय शिकतात, असं मला कार्यालयात विचारलं गेलं. विचारलंत ते बरं झालं.

जनावराचं वय कसं ओळखायचं, ते वर्गात फळ्यावर शिकवता येत नाही. गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, खाली आठ असतात, हे शेतकऱ्याच्या घरातल्या पोरांनासुद्धा तळावर येऊन पहिल्यांदा नीट दिसतं. दुधाचे दात आहेत तोवर खोंड आदत. साधारण दोन-अडीच वर्षांनी मधली जोडी पडून पक्के दात येतात, तेव्हा तो दोन दाती. मग चार दाती, सहा दाती, आणि आठही दात आले की जुळलेला. एक म्हातारे बुवा दर वर्षी माझ्या वर्गाला आपल्या बैलाचं तोंड उघडून दाखवतात. डाव्या हातानं वेसण धरतात, उजव्या हाताचा अंगठा ओठाच्या कडेनं आत सरकवतात, आणि बैल शांतपणे तोंड उघडतो. मागच्या खेपेला एका मुलीनं विचारलं, "आणि सगळे दात आल्यावर पुढचं वय कसं कळतं?" बुवांनी तिला दातांची झीज दाखवली, शिंगावरची वळी दाखवली, आणि मग सांगितलं की शिंगं साळून, तेल लावून, हिंगूळ लावून आणलेली असली तर शिंगावर विश्वास ठेवायचा नाही. त्या मुलीनं वहीत लिहून घेतलं : 'शिंग फसवते, दात फसवत नाही.' पुरावा कसा तपासायचा, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

टॉवेलाखालचे सौदे असतात. दोघं एकमेकांचा हात धरतात, वरून उपरणं टाकतात आणि बोटं दाबून बोली लावतात. एक बोट धरलं तर एक, सगळा पंजा धरला तर पाच. त्याला शेकडा समजायचं की हजार, ते समोरच्या जनावरावरून दोघांनाही ठाऊक असतं. भोवती उभ्या असलेल्यांना फक्त चेहरे दिसतात. मुलं ते चेहरे बघत अर्धा अर्धा तास उभी राहतात. वर्गात आल्यावर आम्ही बाजार फी, गाडीभाडं, दलाली वजा करून विकणाऱ्याच्या हातात किती पडले ते काढतो. गणितात मागं पडणारी पोरंसुद्धा त्या दिवशी हात वर करतात, कारण तो हिशेब त्यांच्या घरचा असतो. या झाकल्या सौद्यात शेतकरी कसा नागवला जातो, यावरही वर्गात वाद होतो. व्हायलाच हवा. उघड लिलाव का नाही, शेळ्यांना वजनकाटा का नाही, हे प्रश्न माझ्या चौथीच्या वर्गातून आलेले आहेत आणि आता मी ते आपल्यापुढं ठेवते आहे.

आणि जातिवंत जनावरं. खिलार बैलाचं नाव माणदेशाशी जोडलेलं आहे. खरसुंडीची पौषातली यात्रा, पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, कार्तिकीला पंढरपुराजवळ वाखरीला भरणारा बाजार, ही नावं आमची मुलं घरात ऐकतात. बाकदार नाकाची माडग्याळ मेंढी, लांब तलवारी शिंगांची पंढरपुरी म्हैस, काळी उस्मानाबादी शेळी एकाच तळावर शेजारी शेजारी बघायला मिळतात ती इथं. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातल्या देशी गोवंशाची संख्या आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी घटलेली दिसली. खिलार सांभाळणारी पुढची पिढी हवी, असं आपल्यापैकी अनेक जण भाषणांत सांगतात आणि मनापासून सांगतात. ती पिढी आज नऊ-दहा वर्षांची आहे आणि आपण तिला फाटकाबाहेर उभं केलं आहे.

आता जरा अवघड बोलते. कार्यालयात मला असंही सांगितलं गेलं की बाजारातली काही दृश्यं लहान मुलांनी बघण्यासारखी नसतात. कुठली दृश्यं, ते मला चांगलं ठाऊक आहे. बोकड कशासाठी विकला जातो, हे आमच्या मुलांपासून लपलेलं नाही. त्यांच्याच घरात जत्रेला बोकड कापतात. त्यांना अस्वस्थ करतं ते वेगळंच.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका संकरित गाईपाशी थांबलो होतो. तिची कास तटतटून आली होती, कातडी चकचकत होती, सडांतून दूध थेंबाथेंबानं आपोआप गळत होतं. पाय फाकून ती उभी होती. बसता येत नव्हतं तिला. कास मोठी दिसावी म्हणून आदल्या दिवसापासून धार काढलेली नव्हती. चार हातांवर तिचं वासरू बांधलेलं, तोंडाला मुसकं. एका मुलानं मालकाला विचारलं, "तिला दुखत नाही का?" मालकानं मान फिरवली. तो काही दुष्ट माणूस नव्हता. सगळेच असं करतात, आपण नाही केलं तर आपलीच गाय कमी दुधाची ठरते, असं तो नंतर मला म्हणाला. पिकअपमध्ये गच्च कोंबलेली गुरं, शेपटी पिरगाळून वर चढवलेला बैल, तीन-साडेतीन फुटांवरून खाली उडी मारायला लावलेली गाभण म्हैस, हेही मुलं बघतात आणि विचारतात.

या गोष्टी मुलांनी बघू नयेत असं वाटत असेल तर त्या बंद करा. त्यासाठी कायदा आधीपासून आहे. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. १९७८ चे जनावरांच्या वाहतुकीचे नियम आहेत, त्यांत साध्या मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गुरं नेऊ नयेत असं लिहिलेलं आहे. पोरांचे डोळे बाजूला काढल्यानं गाईची कास हलकी होत नाही. उलट, विचारणारं एक तोंड कमी होतं.

सोयींबद्दल थोडक्यात, कारण आपण सगळं रोज बघताच. पाण्याचे हौद आहेत, उन्हाळ्यात ते कोरडे असतात. जनावरं उतरवायचा धक्का एकच, त्याचाही कठडा तुटलेला. सावलीला चार झाडं. बायकांसाठी स्वच्छतागृह आहे, त्याला कुलूप आहे. साताठ तास बाजारात उभ्या राहणाऱ्या बायका त्या दिवशी पाणी पीत नाहीत. त्यांनी मला हे स्वतः सांगितलं आहे, आणि हे लिहिताना माझा हात जड होतो आहे. प्रत्येक जनावरामागं आपण फी घेता. १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्यानं बाजाराची देखभाल आणि तिथल्या आवश्यक सोयी ही समितीची जबाबदारी ठरवली आहे. मुलांना जे धोकादायक आहे, त्यातलं बहुतेक सगळं या यादीत आहे.

आजारांचं कारणही पुढं केलं जातं, म्हणून त्याविषयी. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी हा गुरांचा त्वचारोग पसरला तेव्हा राज्यभरातले गुरांचे बाजार बंद झाले. आमच्या वस्तीवरच्या लोकांची उपासमार झाली, पण कुणी तक्रार केली नाही, कारण ते कारण खरं होतं. लम्पी माणसाला होत नाही. माणसाला होऊ शकतो तो गाभण जनावरं गाभडणारा सांसर्गिक गर्भपाताचा आजार, किंवा अंगावर चट्टे उठवणारी गजकर्णासारखी त्वचेची लागण. त्यावर उपाय साधे आहेत : गाभडलेल्या जनावराला, त्याच्या पडलेल्या वारेला (गर्भाबरोबर बाहेर पडणाऱ्या आवरणाला) हात लावायचा नाही, कच्चं दूध प्यायचं नाही, बाजारातून निघताना साबणानं हात धुवायचे. त्यासाठी लागतो एक नळ आणि साबण. गेल्या काही वर्षांत कानात बारा अंकी बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करायला मनाई आहे. तो बिल्ला फाटकावर नीट तपासला गेला, तर मुलांपेक्षा आधी आपल्या सगळ्यांच्या गोठ्यांचं भलं होईल.

मी बेफिकीरपणे मुलांना आणत नाही. येण्याआधी वर्गात नियम पाठ होतात. जनावराच्या मागून जायचं नाही, कारण अगदी पाठीमागचं त्याला दिसत नाही. खांद्याच्या बाजूनं, आवाज देत जायचं. मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. ताणलेलं दावं ओलांडायचं नाही. गाय आणि वासरू यांच्या मधे शिरायचं नाही. पळायचं नाही, ओरडायचं नाही. गाई लाथ बाजूलाही झाडतात, हे तर माझ्यापेक्षा मुलांनाच जास्त ठाऊक असतं. दहा मुलांमागं एक मोठं माणूस असतं, पालक स्वतःहून येतात. पहाटेपासून आठ-साडेआठपर्यंत गाड्यांची रेटारेटी असते, त्या वेळात आम्ही कधीच येत नाही. हेच नियम सगळ्या शाळांना लावा. मी ते लिहून द्यायला तयार आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१४ वर्षांखालील मुलांना प्रवेशबंदी करणारा ठराव येत्या सभेत मागं घ्या. तोवर निदान जनावर विकायला-घ्यायला आलेल्या कुटुंबातली मुलं आणि आयांबरोबरची तान्ही बाळं यांना आजपासून आत सोडा. यासाठी सभेची वाट बघायची गरज नाही.

गाड्यांची वाट आणि माणसा-जनावरांची वाट वेगळी करा. मधे दगड लावा, दोरी बांधा, काहीही करा. मागं येणाऱ्या गाडीला दाखवणारा माणूस असल्याशिवाय गाडी हलणार नाही, असा नियम करा आणि मोडणाऱ्याला दंड लावा.

चढवा-उतरवायचे निदान दोन धक्के बांधा. उडी मारायला लावून जनावर उतरवणं बंद करा.

हौदात पाणी, तळावर सावली, हात धुवायला नळ आणि साबण. बायकांच्या स्वच्छतागृहाचं कुलूप काढा, तिथं पाणी आणि दिवा द्या.

बाजाराच्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर तळावर हजर राहतील अशी व्यवस्था लावा. कास तटवून आणलेली गाय, तुडुंब भरलेली गाडी दिसली की जागेवरच समज द्या, पुन्हा दिसली तर पोलिसांत द्या. माणसांसाठी प्रथमोपचाराची पेटी आणि ती वापरता येणारा एक माणूस ठेवा.

शेळ्यामेंढ्यांसाठी वजनकाटा बसवा. त्या दिवशीचे चालू दर फाटकाजवळच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे फाटकाबाहेर कुणी गाठलं तरी विकणाऱ्या बाईला भाव ठाऊक असेल.

शाळांसाठी सकाळी नऊनंतरची वेळ ठेवा, आठवडाभर आधी नोंद घ्या, एका वेळी एकच शाळा येऊ द्या.

आणि जनावरांच्या बाजारातून गेल्या तीन वर्षांत किती फी जमा झाली, त्यातली तळावर किती खर्च झाली, हा हिशेब कार्यालयाच्या दर्शनी भागात लावा. याची मागणी मी माहितीच्या अधिकारात वेगळीही केली आहे.

यातलं काही समितीच्या ऐपतीबाहेरचं असेल तर तसं सांगा. तळ साफ करायला, दगड मांडायला, फळा लिहायला आमचे पालक येतील. काहींनी नावंही दिली आहेत. बुवा तर म्हणाले, कठडा मीच नीट करून देतो, फक्त सिमेंट द्या.

पुढच्या मासिक सभेला मी आणि काही पालक येणार आहोत. आम्हाला दहा मिनिटं बोलू द्यावं, अशी विनंती आहे. सभेचा दिवस आणि वेळ शाळेच्या पत्त्यावर कळवावी. यंदाच्या चौथीची क्षेत्रभेट मी रद्द केलेली नाही, फक्त पुढं ढकलली आहे. आपलं उत्तर आलं की तारीख ठरवीन.

आपली,
याच तालुक्यातली एक शिक्षिका आणि आपल्या बाजाराची जुनी गिऱ्हाईक